विझलेला दिवा परत कधी लागतो, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१७१ हा कोड आला, म्हणून ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला आणि कोड पुसला. दोन दिवस दिवा गायब, तिसऱ्या दिवशी परत हजर. मग बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवली. पुन्हा दोन दिवस शांतता, पुन्हा दिवा. मधल्या काळात पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं, तेव्हापासून एबीएसचा, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा, दिवा जात नाही. सीट काढून गाडी आतून धुतली, तेव्हापासून एअरबॅगचा दिवाही जात नाही. आणि शेवटी विचारलंय, ‘मुख्य कॉम्प्युटरच गेला का?’

कॉम्प्युटर गेलेला नाही. इतकी वर्षं गाड्यांखाली काढल्यावर सांगतो, खरोखर मेलेला कॉम्प्युटर क्वचितच भेटतो. तो गेलाय असं ठरवून आणलेल्या गाड्या मात्र नेहमीच्या, आणि त्यांच्यात दोष निघतो एखाद्या कपलरमध्ये म्हणजे वायरींच्या जोडात, अर्थिंगच्या पट्टीत नाहीतर कमजोर बॅटरीत. तुमचे तीन दिवे तीन वेगळ्या कारणांनी लागलेत. इंजिनचा दोष अजून गाडीतच आहे. एबीएसचा दोष दुरुस्ती करताना घातला गेलाय. आणि एअरबॅगचा बहुतेक आता उरलेलाच नाही, उरलीय फक्त त्याची नोंद. अर्थात हे दुरून सांगतोय, खात्री कशी करायची ते पुढे लिहितो.

दिवा जात नाही अशी तक्रार आली की मी स्कॅनर लावण्याआधी एकच गोष्ट विचारतो: पुसल्यावर परत कधी लागला? किल्ली फिरवताक्षणी? चाकं फिरायला लागल्यावर? की दोन-तीन दिवसांनी? अर्धं निदान या उत्तरात असतं. वायर तुटलेली असेल, शॉर्ट असेल, कपलर सुटलेला असेल तर कॉम्प्युटरला ते कळायला गाडी चालवावी लागत नाही, किल्ली चालू करताच तो सर्किट तपासतो आणि बहुतेक वेळा लगेच दिवा लावतो. चाकाच्या वेगाचा सेन्सर वायरीच्या दृष्टीने ठीक असेल पण सिग्नल देत नसेल, तर ते गाडी हलल्याशिवाय कळणार नाही. आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण, एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टाकीतल्या वाफेची गळती या गोष्टींची परीक्षा कॉम्प्युटर ठरावीक परिस्थिती जुळली तरच घेतो. त्यातही पहिल्या वेळी दोष दिसला तर तो मनात ठेवतो, याला पेंडिंग कोड म्हणतात. लागोपाठ दुसऱ्या फेरीत (फेरी म्हणजे इंजिन चालू करून, गाडी चालवून बंद करेपर्यंत) पुन्हा तेच दिसलं की मग दिवा लावतो. तुमचे ‘दोन दिवस’ इथून येतात. त्या दोन दिवसांत गाडी बरी झालेली नव्हती, तिला विसरायला लावलं होतं.

पुढे जाण्याआधी लाल दिव्यांचं सांगून टाकतो, कारण तिथे निदान-बिदान नंतर. ऑइलच्या झारीसारखं चित्र चालत्या गाडीत लाल लागलं तर इंजिन बंद. पुढचा पंप, पुढचं वळण, घर जवळच आहे, यातलं काही चालत नाही. तो दिवा ऑइलची पातळी नाही, दाब सांगतो. दाब नसताना इंजिनच्या आतल्या बेअरिंगा मिनिटभरातही खराब होऊ शकतात. थांबून डिपस्टिक बघा. ऑइल पुरेसं असूनही दिवा लागत असेल तर प्रेशर स्विच खोटं बोलतोय की पंप खरंच कमी पडतोय, हे काट्याचं गेज लावूनच कळतं. ‘स्विच असेल हो’ म्हणून इंजिन चालू ठेवू नका. तापमानाचा लाल दिवा लागला तरी तेच, फक्त रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. तोच उघडझाप करत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. ॲक्सिलरेटर सोडा, भार कमी करा, आणि झटके थांबत नसतील तर गाडी उभी करा. एक प्लग किंवा कॉइल वाचवण्याच्या नादात कन्व्हर्टर घालवलेले लोक मी पाहिलेत.

आता तुमचा पी०१७१. या कोडचा अर्थ ‘पहिल्या बँकेचं (म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेचं) मिश्रण फार लीन’, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. यात ‘ऑक्सिजन सेन्सर खराब’ असं कुठेही म्हटलेलं नाही. सेन्सरने एक्झॉस्टमधला जास्तीचा ऑक्सिजन पाहिला आणि खबर दिली. आपण खबर देणाऱ्यालाच बदललं. चोर सोडून संन्याशाला फाशी! सेन्सर खराब असतो तेव्हा त्याच्या सर्किटचे, हीटरचे, मंद प्रतिसादाचे वेगळे कोड बहुधा येतात. कोड म्हणजे निकाल नाही, तक्रार अर्ज आहे, आणि तक्रार कुणी केली एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. कोड वाचून थेट सुटा भाग मागवायची सवय एकदा लागली की एकामागून एक सगळे सेन्सर नवे होतात आणि दिवा मात्र जुनाच राहतो.

हवा-पेट्रोलचं गणित कॉम्प्युटर सतत दुरुस्त करत असतो. पेट्रोल इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. सेन्सरने ‘लीन’ म्हटलं की कॉम्प्युटर पेट्रोल थोडं वाढवतो, आणि किती वाढवलं ते टक्क्यांत लिहून ठेवतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात हे ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसतं. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत खेळत असेल तर मी सहसा काळजी करत नाही. बऱ्याच गाड्यांत ती अधिक २५च्या आसपास गेली की कॉम्प्युटर हात टेकतो आणि पी०१७१ लिहितो. बॅटरी काढली की ही शिकवणीही पुसली जाते. मग कॉम्प्युटर शून्यापासून शिकतो, पुन्हा २५पाशी पोहोचतो, पुन्हा दिवा. म्हणजे बॅटरी काढून तुम्ही दोष घालवला नाहीत, पुरावा घालवलात. सोबत फ्रीझ फ्रेमही गेली. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिनावर भार किती, कुलंटचं तापमान किती, गाडीचा वेग किती, याची जी नोंद कॉम्प्युटर ठेवतो ती फ्रीझ फ्रेम. कोड पुसण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढायचा हा माझ्या गॅरेजमध्ये नियम आहे. नवीन मुलगा हे विसरला की माझा आवाज चढतो.

आता दिवा लागलेलाच आहे, तर तो पुसू नका. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद ठेवा, स्कॅनरवर दोन्ही ट्रिम उघडा. आधी आयडलिंगला बघा. मग रेस देऊन २५०० आरपीएमवर अर्धा-एक मिनिट धरून ठेवा आणि पुन्हा बघा. समजा आयडलिंगला बेरीज अधिक २४ आहे आणि २५०० ला ती अधिक ५ वर आली. याचा अर्थ कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलिंगला इंजिन एकूण हवाच थोडी ओढतं, त्यात फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस दिल्यावर खरी हवा खूप वाढते आणि फट नगण्य होते. उलट आयडलिंगला आकडा ठीक आणि रेस दिल्यावर, चढावर वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय: फिल्टर चोंदलेला, पंप दमलेला किंवा एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ. दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तर पेट्रोलचा दाब आधी मोजायचा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती न करता लोक आठवडाभर सुटे भाग बदलत बसतात.

एक खोच आहे. ज्या गाड्यांत एअरफ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे फटीतून आलेली हवाही दाबाच्या रूपाने मोजली जाते. अशा गाडीत गळतीने ट्रिम फारसं वाढत नाही, आयडलिंगचा आरपीएम चढतो. तिथे पी०१७१ आला तर मी आधी पेट्रोलचा दाब बघतो.

तुमच्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे असं धरून गळती कुठे शोधायची ते सांगतो. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जो रबरी पाइप जातो, त्याला भात्यासारख्या घड्या असतात. वरून तो कायम धडधाकट दिसतो. भेग पडते ती खालच्या बाजूला, घडीच्या तळाशी. इंजिन बंद करा, पाइप हाताने वाकवा, घडी ताणा आणि टॉर्च मारून आत बघा. रेस दिल्यावर इंजिन आपल्या माउंटिंगवर किंचित कलतं आणि ती भेग आणखी उघडते, त्यामुळे उभ्या गाडीत नुसतं बघून ती सहसा सापडत नाही. त्यानंतर ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागाच्या) वाफेचा म्हणजे पीसीव्हीचा पाइप, त्याच्या टोकाला कडक झालेली रबरी कोपरी, आणि इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. ऑइल भरायचं झाकण नीट बसलंय ना, डिपस्टिक तळापर्यंत गेलीय ना, हेही बघा. हसू नका. बऱ्याच इंजिनांत क्रँककेस इनटेकला जोडलेली असते, त्यामुळे सैल झाकणातून आत आलेली हवा पीसीव्हीतून थेट मॅनिफोल्डमध्ये जाते.

अर्धा मीटरचा रबरी पाइप एका बाजूने कानाला लावून दुसरं टोक जोडांजवळून फिरवलं की फुसफुस ऐकू येते. बेल्ट आणि पंखा यांच्यापासून मात्र पाइप लांब ठेवा. गॅरेजमध्ये धूर सोडायचं मशीन असेल तर दहा मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का ते बघणारे बरेच आहेत. गरम एक्झॉस्टशेजारी पेटणारा फवारा मारायची मला हौस नाही, तुम्हालाही नसावी. आणखी एक जागा: नवा ऑक्सिजन सेन्सर बसवताना त्याच्या आधीच्या एक्झॉस्टच्या जोडाला फट राहिली असेल तर तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सर प्रामाणिकपणे ‘लीन’च सांगतो. थंड इंजिन चालू करताच त्या जोडातून टकटक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो. तो ऐका.

गळती सापडली, बंद केली. आता दिवा लगेच गेला नाही तर घाबरू नका. ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे दोष तपासायची व्यवस्था. तिच्या नियमाप्रमाणे तीन फेऱ्यांत परीक्षा झाली आणि दोष दिसला नाही की चेक इंजिनचा दिवा आपोआप जातो. मिश्रण आणि मिसफायर (म्हणजे मिसिंग) यांच्यासाठी अट अशी की दोष दिसला होता साधारण तशाच आरपीएमला आणि भाराला गाडी चाललेली असावी. कोड त्यानंतरही स्मृतीत राहतो, तो ४० वेळा इंजिन थंडाचं गरम झाल्यावर पुसला जातो. स्कॅनरने पुसून टाकायलाही हरकत नाही, पण त्याने ‘रेडीनेस मॉनिटर’ म्हणजे सगळ्या परीक्षांची पाटीही कोरी होते. अशी गाडी प्रदूषण तपासणीला नेली आणि तिथे ओबीडी जोडून तपासत असतील तर ती ‘तयार नाही’ म्हणून परत पाठवली जाऊ शकते. शिवाय अमेरिकेत २०१० च्या मॉडेल वर्षापासून टप्प्याटप्प्याने ‘परमनंट कोड’ आले. ते स्कॅनरनेही जात नाहीत आणि बॅटरी काढूनही नाहीत. दोष गेलाय हे कॉम्प्युटरने स्वतः तपासल्यावरच ते पुसले जातात. बॅटरी काढण्याची युक्ती मोडीत काढण्यासाठीच हे केलेलं आहे.

टाकीच्या वाफेच्या कोडबद्दल अनेक जण विचारतात म्हणून एक वाक्य: पेट्रोलचं झाकण घट्ट लावलं तरी दिवा त्याच दिवशी जाणार नाही, कारण ती परीक्षा थंड इंजिनावर, टाकी ना पूर्ण भरलेली ना रिकामी अशा वेळीच होते.

एबीएसकडे वळू. तुमचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो, काही सेकंदांनी विझतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर परत लागतो का, हे आधी बघा. तसं असेल तर माझा संशय एकाच गोष्टीवर आहे: बेअरिंग उलटं बसलंय. जुन्या गाड्यांत चाकाचा वेग मोजायला दातेरी लोखंडी रिंग असायची. आता बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकांची पट्टी असते. बाहेरून ती नुसती गडद सील दिसते, दुसऱ्या बाजूच्या सीलसारखीच. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे. उलटं दाबलं तर बेअरिंग आवाज करत नाही, चाक सुरेख फिरतं, गाडी सरळ धावते, आणि सेन्सरला मात्र काहीच दिसत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. घाईत होतो, दोन्ही सील सारख्या दिसल्या, प्रेसवर दाबून मोकळा झालो. संध्याकाळी गाडी परत आली, दिवा लावून. तेव्हापासून बेअरिंग दाबण्याआधी दोन्ही बाजूंना एक बारीक टाचणी लावून बघतो. चुंबकाच्या बाजूला ती हलकेच चिकटते, दुसऱ्या बाजूवरून घसरते. मोठं लोहचुंबक मात्र त्या सीलजवळ नेऊ नका, पट्टीवरचे ध्रुव बिघडतात.

बेअरिंग न उघडता खात्री करायची तर एबीएस वाचू शकणारा स्कॅनर लागेल. स्वस्तातले ब्लूटूथ रीडर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात, कारण ओबीडीच्या नियमाने सगळ्यांना खुली ठेवायला लावलेली माहिती प्रदूषणाशी संबंधित तेवढीच आहे. एबीएस आणि एअरबॅगची कपाटं वेगळी, किल्ल्या वेगळ्या. ‘स्कॅनर म्हणतो कोड नाही, आणि दिवा तर लागलाय’ या तक्रारीचं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं. योग्य स्कॅनर जोडून चारही चाकांचे वेग पडद्यावर उघडा, कुणाला तरी शेजारी बसवा आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी न्या. तीन चाकं १२, १२, १२ दाखवतायत आणि पुढचं डावं शून्य, तर प्रकरण त्याच चाकाशी आहे.

दिवा किल्लीबरोबरच लागून राहत असेल, विझतच नसेल, तर बेअरिंगवर आळ घेऊ नका. बेअरिंग काढताना सेन्सरची वायर ओढली गेली असेल, क्लिप परत लावली नसेल आणि वायर टायरला घासत असेल, किंवा कपलर अर्धाच बसला असेल. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून त्या वायरीचा ताण बघा. ती आतून तुटते तेव्हा बाहेरचं रबर शाबूत असतं, बोटांनी दाबत गेलं की तुटल्या जागी मऊ लागते. जुन्या पद्धतीचा दोन तारांचा कॉइलवाला सेन्सर असेल तर मल्टिमीटरने ओहम मोजता येतात, बहुधा एक-दोन हजारांच्या आसपास भरतात. नव्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरला ओहम मोजू नका, काही कळणार नाही. आणि दुरुस्तीनंतर काही गाड्यांत दिवा किल्लीवर विझत नाही. साधारण १५–२० किलोमीटरचा वेग गाठल्यावर एबीएस स्वतःची परीक्षा घेतं, पंपाची क्षणभर घरघर येते, तेव्हा विझतो. एकदा चालवून बघितल्याशिवाय निराश होऊ नका.

तोवर गाडी चालवायची का? एकटा पिवळा एबीएसचा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. अंतर ठेवून चालवा. त्याच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवाही लागला तर मागच्या चाकांवरचा ब्रेकचा वाटा सांभाळणारी व्यवस्थाही गेलेली असू शकते, मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. ती गाडी चालवू नका. लाल ब्रेकचा दिवा एकटा लागला आणि हँडब्रेक पूर्ण खाली असेल तर ब्रेक ऑइलची पातळी बघा, पण कमी दिसली म्हणून लगेच ओतू नका. आधी पॅड बघा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल तिकडे जातं. वरून भरलंत तर नवे पॅड बसवताना ते टाकीतून ओसंडून रंगावर सांडेल, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल, तर कुठेतरी गळतंय.

एअरबॅगचं प्रकरण सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जपून करायचं. सीट काढली तेव्हा खालचे पिवळे कपलर सोडले असणार. ते सुटे असताना कुणी एकदा जरी किल्ली फिरवली, रेडिओ लावायला म्हणा, काच खाली करायला म्हणा, तर एअरबॅगच्या कॉम्प्युटरने ‘सीटचं सर्किट तुटलंय’ अशी नोंद केली. नंतर कपलर जोडले तरी बऱ्याच गाड्यांत ही नोंद आपोआप पुसली जात नाही. किल्ली कितीही वेळा बंद-चालू केली तरी दिवा तसाच. त्याला एअरबॅग वाचणारा स्कॅनरच लागतो.

पण आधी कपलर बघा. इंजिनच्या फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून झाला की किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये कॅपेसिटर असतात, बॅटरी काढल्यावरही काही वेळ त्यांच्यात फुगा फोडण्याइतकी ताकद राहते. मग कपलर काढा, आत हिरवट थर किंवा ओल आहे का बघा. गाडी आतून धुतलीय म्हणता, त्यामुळे ही शक्यता खरी आहे. कोरडा करून परत बसवा, खट् आवाज आला पाहिजे आणि पिवळ्या कपलरची दुय्यम लॉकची पट्टीही आत गेली पाहिजे. पिवळ्या वायरींना मल्टिमीटर लावायचा नाही, कधीच नाही. मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडण्याचा धोका असतो. त्यानंतर स्कॅनरने वाचा: कोड ‘हिस्टरी’ (जुनी नोंद) असेल तर पुसला जाईल आणि प्रकरण संपलं. ‘करंट’ (आत्ताचा) असेल तर पुसताच परत येईल, म्हणजे दोष अजून आहे. काही गाड्यांत सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर असतो, सीट काढून बसवल्यावर त्याला शून्य पुन्हा शिकवावं लागतं. हा दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नसतो, म्हणून तीन दिव्यांत हा पहिला निस्तरा.

याच दिव्याची दुसरी बाजू वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. आणि तो ऑइलच्या किंवा चार्जिंगच्या दिव्याबरोबर अगदी त्याच क्षणी, इंजिन चालू होताच विझत असेल, तर त्याची वायर त्या दिव्याला जोडून ठेवलेली असण्याची दाट शंका घ्या. विझणारे दिवे मी लागलेल्या दिव्यांइतकेच बारकाईने बघतो.

तिन्ही कामांना हात लावण्याआधी बॅटरी मोजा, कारण तुम्ही ती दोनदा काढली-जोडलीत. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली नाही पाहिजे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर परिस्थितीप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावर निकाल देऊ नका. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे थांबतात आणि ‘यू’ने सुरू होणाऱ्या कोडची रांग लागते. एबीएस, स्टिअरिंग, ट्रॅक्शन सगळे दिवे एकदम पेटले तर माझा हात आधी टर्मिनलवर जातो. टर्मिनल बोटांनी पिळून हलवून बघा, हललं तर तिथेच सुरुवात. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२–०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढा, घासा, नाहीतर बदला.

टायरच्या दाबाचा दिवा, सर्व्हिसचा पाना, डिझेल गाडीचा एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा यांची जात वेगळी. सर्व्हिसचा पाना म्हणजे बहुधा नुसती किलोमीटरची मोजणी, तो मॅन्युअलमधल्या पद्धतीने किंवा स्कॅनरने शून्य करायचा, त्यात दोष काही नाही. टायरचा दिवा किल्ली फिरवल्यावर मिनिटभर उघडझाप करून मग स्थिर राहत असेल तर हवा नव्हे, व्यवस्था बिघडलीय, बहुधा चाकातल्या एखाद्या सेन्सरची बॅटरी संपलीय. ती सहसा ५ ते १० वर्षं चालते आणि सुटी बदलायची सोय बहुतेक सेन्सरांत नसते. डिझेलच्या काजळीच्या फिल्टरसाठी गाडी जरा सलग, जरा वरच्या आरपीएमवर पळवलं की काजळी जळते. रोज पाच मिनिटं चालवून बंद केली तर ती कधी जळणारच नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी बॅटरी आणि अर्थिंग मोजा. मग फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, आयडलिंगचे आणि २५०० चे ट्रिम कागदावर लिहा, कारण एअरबॅगसाठी बॅटरी काढली की ते पुसलं जाईल. मग एअरबॅगचे कपलर, त्यानंतर एअरबॅग आणि एबीएस दोन्ही वाचणारा स्कॅनर एकदाच आणून दोन्ही कामं त्याच बैठकीत करा. आणि मगच रबरी पाइप वाकवायला घ्या. काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर टाकून दिला नसेल तर जपून ठेवा, तो बहुधा चांगलाच आहे. आणि चाक उघडल्यावर बेअरिंग उलटं निघालं तर तेच फिरवून बसवा म्हणून मिस्त्रीच्या मागे लागू नका. प्रेसवर बाहेर दाबलेल्या बेअरिंगच्या गोळ्या आणि त्यांची वाट दोन्हींना मार बसलेला असतो. नवीनच घाला, आणि दाबण्याआधी टाचणी लावून बघायला सांगा.